वळण आलं की इंजिन उतरतं, कानस हातात घेऊ का?

नमस्कार दादा,

माझ्याकडे मॉडेल रेल्वेचं, एचओ स्केलचं सहा ॲक्सलचं डिझेल इंजिन आहे, खाली दोन बोग्या (म्हणजे चाकांचे वळणारे सांगाडे, डबे नव्हेत), एकेकीत तीन ॲक्सल. लेआउट साधाच, एक लंबगोल आणि आत दोन सायडिंग. वळणं 18 इंच त्रिज्येची, फ्लेक्स ट्रॅक वाकवून केलेली. प्रॉब्लेम असा की इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरवलं की वळणावर उतरतं. पुढची बोगी, बाहेरच्या रुळावरचं पहिलं चाक. बहुतेक वेळा दोन फ्लेक्स ट्रॅकच्या जोडापाशी, पण कधी कधी जोड यायच्या आधीच, आणि दुसऱ्या टोकाच्या वळणावरही झालंय. तेच इंजिन उचलून तोंड फिरवून उलट दिशेने सोडलं की मस्त जातं. डबे नीट जातात, छोटं चार चाकी शंटर तर कुठेच अडत नाही. इंजिन मागे डबे न लावता एकटं चालवलं तरी उतरतं. आधी क्वचित व्हायचं, साउंड डिकोडर (इंजिनाचा आवाज काढणारं सर्किट) बसवल्यापासून फार वाढलंय, पण डिकोडरचा आणि चाकाचा काय संबंध? वेग कमी करून पाहिला, फरक नाही. एक मित्र म्हणतो वजन वाढव, दुसरा म्हणतो रुळाची आतली कड कानशीने घास, तिसरा म्हणतो खऱ्या रेल्वेसारखा बाहेरचा रूळ उचल. कानस आणून ठेवलीये. काय करू?

– वळणावर वैतागलेला

नमस्कार,

आधी ती कानस कपाटात ठेवून या, मग पुढचं वाचा. रुळाची कड एकदा घासली की ती परत भरता येत नाही, आणि तुमच्या पत्रात मला अशी एकही ओळ दिसत नाही जिच्यावरून त्या कडेवर संशय घ्यावा. उलट अर्धं उत्तर तुम्हीच लिहून टाकलंय आणि वर मलाच विचारताय की डिकोडरचा काय संबंध. आहे संबंध, येतो तिकडे.

माझा अंदाज आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताटकळत ठेवत नाही. तुमच्याकडे एक नाही तर दोन दोष आहेत, एक रुळात आणि एक इंजिनात, दोन्ही बारीक, आणि यातला कुठलाही एकटा असता तर इंजिन बहुतेक वेळा निभावून गेलं असतं, जसं आधी जायचंच, पण आता दोघांची गाठ त्या जोडावर पडते आणि चाक वर चढतं. रुळातला दोष जुना आहे, इंजिनातला डिकोडरबरोबर आलाय. आता हे मी म्हणतोय म्हणून मान्य करू नका, तपासायचं कसं ते खाली सांगतो.

मित्रांचे सल्ले नंतर बघू, फक्त वेगाचं तेवढं आधी संपवतो कारण सगळ्यांचा पहिला संशय तिथेच जातो. 18 इंच म्हणजे 457 मिमी त्रिज्या. तुमच्या इंजिनाचा गुरुत्वमध्य रुळाच्या वर 2 सेमी धरला आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 16.5 मिमी, तर नुसत्या वेगाने इंजिन बाहेर उलटायला त्याला सेकंदाला 1.3 मीटरहून जास्त पळावं लागेल. एचओ म्हणजे 1:87, त्या हिशोबाने हा ताशी 400 किमीच्या वरचा वेग झाला. तुमचं डिझेल तेवढं पळत नाही हो. वेग जास्त असेल तर वाकड्या जोडावर दणका जोरात बसतो हे खरं, पण हळू चालवूनही उतरतंय म्हटल्यावर वेगाला सोडून द्या. मंद वेगात उतरणारं इंजिन खरं तर तपासायला सोपं, सगळं डोळ्यांनी दिसतं.

चाक उतरतं म्हणजे नेमकं काय होतं ते एकदा बघू या. चाकाच्या आतल्या बाजूची कडा, म्हणजे फ्लँज, रुळाच्या आतून चालते आणि वळणावर बाहेरच्या रुळाला टेकून बोगीला वळवते. हा टेकायचा जोर फार वाढला किंवा चाकावरचा भार कमी झाला की फ्लँज रुळाच्या अंगाने वर चढायला लागते, मग थोडा वेळ रुळाच्या माथ्यावर चालते आणि मग पलीकडे पडते. यातला ‘थोडा वेळ’ महत्त्वाचा. आपल्याला दिसतं ते पडलेलं चाक. चढलेलं असतं त्याच्या आधीच, कधी दोन सेमी, कधी आठ-दहा सेमी मागे. म्हणून बरेच जण पडल्या जागेचा रूळ खरवडत बसतात आणि खरा गुन्हेगार मागे निवांत.

आणि चढायला उंची तरी केवढी लागते? आजकालच्या बहुतेक एचओ चाकांच्या फ्लँजची खोली 0.6 मिमीच्या आसपास असते. साध्या छपाईच्या कागदाचे सहा-सात ताव एकावर एक ठेवा, झालं. तेवढीच कडा तुमचं अख्खं इंजिन रुळावर धरून ठेवते, आणि वळण कसलं तर खऱ्या जगात मोजलं तर 40 मीटर त्रिज्येचं, जिथे मेन लाइनचं सहा ॲक्सलचं इंजिन कोणी नेणारही नाही. तुमचं मॉडेल अंदाजे 24 सेमी लांब असणार. सगळ्यात लांब वाहनाच्या तिप्पट त्रिज्या ठेवली की गाडी बिनघोर चालते असा हौशी लोकांचा एक ठोकताळा आहे, त्या हिशोबाने तुम्हाला 72 सेमी हवी आणि आहे 46. म्हणजे चालू शकतं, पण गफलतीला जागा नाही. शंटर आणि डबे आरामात जातात याचंही कारण हेच, त्यांच्या चाकांमधलं अंतर कमी, त्यांना जोडावरचा कोपरा जाणवतच नाही. त्यामुळे डबे जातात म्हणजे रूळ चांगला, हा निष्कर्ष काढू नका.

आता चाचणी. तुम्ही इंजिन तोंड फिरवून उलट दिशेला चालवलंत, त्यात एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, वळण उजव्याचं डावं झालं आणि जोडही दुसऱ्या बाजूने ओलांडला गेला, म्हणून त्यातून काहीच ठरत नाही. त्याऐवजी असं करा. इंजिन घड्याळाच्या उलट तोंड करून ठेवा आणि रिव्हर्समध्ये चालवा, म्हणजे ते घड्याळाच्याच दिशेने जाईल पण शेपटीकडची बोगी पुढे असेल. तोच रूळ, तेच उजवं वळण, तोच जोड त्याच बाजूने, फक्त पुढची बोगी बदलली. डबे नकोत, वेग एकदम कमी, आणि भरपूर फेऱ्या होऊ द्या. आता ही दुसरी बोगी पण त्याच जोडाला उतरली तर रूळ दोषी. ती एकदाही उतरली नाही तर मुख्य दोष पहिल्या बोगीत. आणि जोडावर अधूनमधून उतरली पण बाकी कुठेच नाही, तर माझा अंदाज बरोबर, दोघंही दोषी. मला हेच होईल असं वाटतंय, कारण दुसऱ्या टोकाच्या वळणावर उतरणं रुळातल्या एका जोडाने समजावता येत नाही आणि आधीपासून क्वचित उतरणं डिकोडरने समजावता येत नाही.

त्याच बैठकीत अजून एक करा. पाण्याने पुसता येणारं स्केचपेन घ्या, जोडाच्या आधी 15 सेमीपासून बाहेरच्या रुळाचा माथा रंगवा आणि इंजिन उतरेपर्यंत चालवा. मग भिंगातून बघा. रंगावर आतल्या कडेपासून निघून तिरकी बाहेर गेलेली एक बारीक चकचकीत रेघ दिसेल, केसाएवढी. ती फ्लँजची पायवाट. जिथे ती आतल्या कडेवर सुरू होते तिथे चाक चढलं, जिथे बाहेरच्या कडेला संपते तिथे पडलं. ती सुरुवात पेन्सिलने स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या पट्टीवर) खूण करून ठेवा आणि रंग लगेच पुसा, नाहीतर करंट नीट मिळणार नाही आणि तुम्ही मला नवीन पत्र लिहाल. मोबाईलचा स्लो मोशन पण चालतो, पण फोन रुळाच्या पातळीला ठेवा, वरून काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही.

आधी इंजिनाकडे वळतो, कारण ते लवकर होतं आणि मला संशय तिथे जास्त आहे. पॉवर काढा, इंजिन मऊ फोमवर उलटं ठेवा आणि पुढची बोगी बोटाने हळूच उजवीकडे-डावीकडे फिरवा, मग सोडून द्या. नीट बोगी सोडली तिथेच मरगळल्यासारखी पडून राहते. तुमची बोगी एका बाजूला ढकलून सोडल्यावर स्प्रिंगसारखी परत आली तर चोर सापडला: वायर. साउंड डिकोडर, स्पीकर, त्यांच्या वायरी, हे सगळं कवचात कोंबताना बोगीतून वर येणाऱ्या करंटच्या वायरी ताणल्या जातात किंवा फ्रेम आणि कवच यांच्यामध्ये दाबल्या जातात, मग ती वायर बोगीला एका बाजूला वळू देते आणि दुसऱ्या बाजूला मागे ओढते. घड्याळाच्या दिशेने गेल्यावर बोगीला उजवीकडे वळायचं असतं, वायर म्हणते नको, आणि तेवढ्या जोराने बाहेरचं पुढचं चाक रुळावर दाबलं जातं. एकाच दिशेला, एकाच बोगीचं, बाहेरचं पहिलं चाक, आणि डिकोडरनंतर वाढलेलं. तुमच्या पत्रात याहून वेगळं काय होतं सांगा.

किती वळायला हवी तेही मोजता येतं. बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर साधारण 150 मिमी धरलं तर या वळणावर प्रत्येक बोगी इंजिनाच्या अंगाशी साडेनऊ अंश वळते, म्हणजे पहिला ॲक्सल मधल्या रेषेपासून साडेतीन मिमी बाजूला सरकतो. मी म्हणेन दोन्हीकडे 5 मिमी तरी मोकळी जायला पाहिजे, आणि हे कवच लावून बघायचं, कवच काढून नाही! कवच काढलं की वायर मोकळी होते आणि सगळं छान वाटतं, इथेच लोक फसतात. कवच असताना अडते आणि नसताना अडत नाही असं झालं तर वायर तरी आहे किंवा पायऱ्या, एअर होस असले शोभेचे तुकडे बोगीला घासतायत.

उपाय सोपा आहे. बोगीला जाणाऱ्या वायरी जाड असतील तर तेवढाच भाग बारीक, खूप तारांच्या, मऊ वेष्टनाच्या वायरने बदला. लांबी अशी ठेवा की बोगी दोन्हीकडे पूर्ण वळूनही वायरला थोडा झोल राहील, आणि वायर शक्यतो बोगी जिथे फिरते त्या मध्याच्या जवळून वर घ्या, कारण मध्यापासून जितकी लांब तितकी ती जास्त खेचली जाते. वर पोचल्यावर मात्र टेपने फ्रेमला बांधून टाका, नाहीतर तोच झोल फिरत्या शाफ्टमध्ये अडकेल. त्या भागात हिट-श्रिंक ट्यूब लावू नका, वायर काडीसारखी ताठ होते. सोल्डर पण वायरमध्ये फार वर चढू देऊ नका, त्याने पण तेच होतं.

बोगी पुढे-मागे आणि डावी-उजवी डोलते का तेही बघा. स्क्रूवाली बोगी असेल तर स्क्रू फार आवळलेला नको, आणि वर क्लिप असेल तर ती एका बाजूने अर्धवट बसलेली नको, डिकोडर बसवताना ती काढली असेल तर हे सहज होतं. फिरण्याच्या जागी प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा एक ठिपका, बस.

मग चाकं. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर एचओमध्ये 14.4 मिमीच्या आसपास लागतं. डिजिटल कॅलिपर नाहीतर एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचं पत्र्याचं मोजमापाचं गेज वापरा. ते गेज घ्याच, आयुष्यभर पुरतं, चाकं, रुळाचं गेज, सांधे, सगळं त्याच एका तुकड्यावर तपासता येतं. प्रत्येक ॲक्सल थोडा थोडा फिरवत तीन ठिकाणी मोजा, तिन्ही आकडे वेगळे आले तर चाक लचकतंय. अंतर कमी-जास्त असेल तर चाक हातात धरून पिळत पिळत सरकवा, ठोकू नका, आणि दोन्ही बाजू सारख्याच सरकवा म्हणजे गिअर मध्यावर राहील. सहाही ॲक्सल मोजा, नुसता उतरणारा नाही. मधल्या ॲक्सलकडे जरा जास्तच लक्ष द्या: तुमच्या बोगीत पहिल्या आणि तिसऱ्या ॲक्सलमध्ये साधारण 42 मिमी अंतर असणार, या वळणावर त्या दोघांमधली सरळ रेषा आणि वळणारा रूळ यात मधोमध जवळपास अर्धा मिमी फरक पडतो, आणि मधल्या ॲक्सलला तेवढं बाजूला सरकता आलं नाही तर तो पहिल्याला बाहेर ढकलतो. चिमट्याने मधला ॲक्सल हलवून बघा, खुळखुळ सरकला पाहिजे.

इंजिनाचं झालं. वायर मोकळी झाली की माझ्या मते दुसऱ्या टोकाचं वळण लगेच शांत होईल, पण तो जोड त्रास देत राहील, थोडा कमी. म्हणून रूळ.

फ्लेक्स ट्रॅक वाकवला की तो सरळ व्हायला धडपडतो. मधल्या भागात स्लीपर त्याला धरून ठेवतात पण टोकाच्या दोन-तीन सेमीत धरायला कोणी नाही, जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणारा पत्र्याचा तुकडा, तर नावाला, त्यामुळे टोकं जवळपास सरळ राहतात आणि दोन सरळ टोकं भेटतात तिथे वळण नाही तर कोपरा तयार होतो. वरून बघितलं तर दिसत नाही. गाल टेबलाला लावा, एक डोळा मिटा आणि बाहेरच्या रुळाच्या रेषेत बघा, लगेच दिसेल. मग नख रुळाच्या आतल्या अंगावरून जोडाच्या पलीकडे ओढा, नख जिथे अडकतं तिथे फ्लँजही अडकते.

आणि आकडाच हवा असेल तर खऱ्या रेल्वेवाल्यांची युक्ती वापरा, ते दोरी धरून वळणाचा व्हर्साइन मोजतात, आपण पुठ्ठा घेऊ. बरोबर 100 मिमी लांब सरळ पट्टी कापा, तिची दोन्ही टोकं बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला टेकवा आणि मधोमध पट्टी आणि रूळ यात किती फट पडते ते मोजा. 457 मिमी त्रिज्येला ती साधारण 2.7 मिमी येते. पट्टी थोडी थोडी पुढे सरकवत सगळं वळण मोजा. एखाद्या जागी फट साडेतीनच्या वर गेली म्हणजे तिथे तुमचं वळण 18 इंचाचं नाही, 14 इंचाच्याही आतलं आहे, इंजिनाला ते कोणी सांगितलेलं नसतं. जोडाच्या डोक्यावर फट एकदम वाढते आणि दोन्ही बाजूंना एकदम कमी होते, असं आलं तर तो कोपराच.

दुरुस्ती करताना फक्त जोडाला बाहेरून खिळा मारून दाबू नका, दोन महिन्यांत परत उघडेल. त्या भागातला रूळ दोन्हीकडे 20-25 सेमी सुटा करा (पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने चिकटवला असेल तर कोमट पाणी घाला आणि धीर धरा, ओढाओढी केली तर स्लीपर रुळातून निघून येतात), जॉइनर काढून नवीन घट्ट लावा, दोन्ही तुकडे आधी सरळ रेषेत ठेवा आणि जोडाला बाहेरून सोल्डर करा. मग वाकवा. सोल्डर झाल्यावर वाकवलं की रूळ अखंड असल्यासारखा वाकतो आणि कोपरा पडत नाही. जोडाच्या जवळच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा म्हणजे प्लॅस्टिक वितळणार नाही. वाकवताना आतला रूळ टोकाला बाहेर येईल, तो कापायचा, आणि शक्य असेल तर वेगळ्या जागी कापायचा म्हणजे दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर येणार नाहीत. पुढच्या वेळी मुळात वळणात जोड येणारच नाही अशी मांडणी करा. सगळे जोड मात्र सोल्डर करू नका, लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, सरळ भागातले काही मोकळे ठेवा.

हां, कानस इथे चालेल. सोल्डर करायच्या आधी दोन्ही रुळांच्या तोंडांवर, वरच्या आणि आतल्या कडेला दोन-तीन हलके फटके, कापताना राहिलेली खरखरीत कड काढण्यापुरते. तेवढंच.

एक गोष्ट राहिली, पिळा. एक रूळ वर, एक खाली, आणि हे थोड्या लांबीत. तीन ॲक्सलची बोगी ताठ असेल तर ती लंगड्या टेबलासारखी वागते, एक चाक हवेत राहतं, आणि 0.6 मिमी वर गेलं की फ्लँजचा उपयोग संपला. छोटं स्पिरिट लेव्हल रुळांवर आडवं ठेवून हळूहळू पुढे सरकवा. बुडबुडा कुठेही असू दे, हरकत नाही, पण तो एकाएकी पळाला तर खाली बघा, खडी अडकलेली असेल, खिळ्याने स्लीपर खाली दाबला असेल नाहीतर प्लायवूडचा जोड वर आला असेल. कागदाचे तुकडे सरकवून भरून काढा, एक-एक करून. खिळा फार ठोकला असेल तर स्लीपर मधे वाकून दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेजही कमी होतं, एनएमआरएचं गेज तिथे अडेल, तेव्हा खिळा थोडा उपसा.

सरळ रूळ संपून लगेच 18 इंचाचं वळण सुरू होत असेल तर रूळ सुटलेलाच आहे तर ते पण करून घ्या. वळणाची सुरुवात साधारण 8 मिमी आत सरकवा आणि 300 मिमी लांबीत रूळ हळूहळू वळू द्या, फ्लेक्स ट्रॅक आपला आपणच छान आकार घेतो. दिसायलाही फार फरक पडतो. जागा नसेल तर सोडा, तुमच्या उतरण्याचं कारण ते नाही.

आता मित्र. वजनाचं म्हणाल तर तुमचं इंजिन आधीच सगळ्यात जड वस्तू आहे त्या लेआउटवर, अजून वजन टाकून कदाचित उतरणं कमी होईलही, पण वायर तशीच ओढत राहील, मोटर तापेल आणि फ्लँज झिजतील. वजन डब्यांना लागतं, हलका लांब डबा इंजिनाच्या लगेच मागे लावला आणि मागे मोठी गाडी असली तर तो वळणावर आत खेचला जातो, तो वेगळा विषय. तुमचं इंजिन एकटंच उतरतंय म्हणजे कपलरचाही प्रश्न नाही.

वाफेची इंजिनं असणाऱ्यांसाठी एक ओळ, कारण हे वाचून ते पण बोग्या शोधतील: तुमच्याकडे आधी पुढची छोटी पोनी चाकं बघा, तिची स्प्रिंग फार कडक असेल तर ती मोठ्या चाकांचा भार उचलून घेते आणि फार ढिली असेल तर स्वतःच उडते, शिवाय वळणात ती सिलिंडरला घासते. पाच मोठ्या ॲक्सलच्या इंजिनात पहिल्या ते पाचव्यात 76 मिमी असेल तर 18 इंचावर मधोमध 1.6 मिमी फरक पडतो, एवढा खेळ चाकांना देणं अवघड, म्हणून बनवणारे अशा काही इंजिनांची मधली चाकं बिनफ्लँजची ठेवतात. तुमच्या मॉडेलचं मधलं चाक रुळावरून थोडं बाहेर लटकताना दिसलं तर घाबरू नका.

राहिला तिसरा मित्र आणि बाहेरचा रूळ उचलणं. दिसायला सुंदर, आणि एचओमध्ये 1 मिमी पुरे होतो, पण वरचा 400 किमीचा हिशोब बघा, आपल्या वेगाला त्याची गरजच नाही. उलट उचल जिथे सुरू होते आणि संपते तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने पिळा तयार करता, आणि तुमची ताठ बोगी नेमकी त्यालाच घाबरते. हौस असेल तर इंजिन सलग पंधरा दिवस न उतरता चालल्यावर करा, आणि उचल अर्ध्या मीटरच्या लांबीत थोडी थोडी चढवा, एका स्लीपरवर नाही. त्याआधी तो रिव्हर्सचा प्रयोग करून निकाल कळवा, आणि बोगी कवच लावून तपासलीत की काढून तेही लिहा, कारण मी तेच पहिलं विचारणार आहे.